ऐकलं होतं

लाइट गेली की कारखान्यातले सगळे हायसं वाटून खाली बसायचे आणि मी एकटी पडायचे.

त्या दिवशीही तसंच झालं. कापडाचे माग एकदम थांबले. छताजवळचा लांब शाफ्ट गरगरत गरगरत मंद झाला आणि शेडमध्ये शांतता पसरली. कामगार तंबाखू मळत बाहेर ओट्यावर गेले. मागांच्या पलीकडून माझे दीर काहीतरी बोलले, कुणीतरी हसलं, मागच्या दाराजवळून सासऱ्यांचा आवाज आला. बाहेर सायकलची घंटी वाजली, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. हे सगळं मला ऐकू आलं. बोलण्यातला एकही शब्द मात्र कळला नाही.

हे कसं, ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी रेंदाळची. दहावीपर्यंत मला काही नव्हतं. अकरावीत गेले तशी वर्गात बाईंचं बोलणं विस्कटायला लागलं. आवाज यायचा, चांगला मोठा यायचा, पण पत्र्यावर वाळू ओतावी तसा. समोर बसून, तोंडाकडं बघून, सावकाश कुणी बोललं तर ओठ आणि आवाज मिळून बरंचसं समजायचं. पाठमोरं बोललं, चार माणसं एकदम बोलली, की संपलं. मी बहिरी नव्हते. लांबवर कुत्रं भुंकलं तरी मान वळायची. त्यामुळं माझ्या बोलण्यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही, आणि हळूहळू माझाही बसेना. आपलं डोकंच मठ्ठ आहे अशी समजूत करून घेऊन मी शाळा सोडली. कुणी काही म्हटलं की 'हो' म्हणायची सवय लावून घेतली. दहातल्या आठ वेळा 'हो' चालून जायचं.

लग्न होऊन मी इचलकरंजीला आले. सासऱ्यांचा, म्हणजे मामंजींचा, घराला लागून छोटा कारखाना होता. जुन्या पद्धतीचा. एक मोटार, तिच्यावर चालणारा वरचा शाफ्ट आणि शाफ्टवरून प्रत्येक मागाला उतरलेला पट्टा. गावात तेव्हा असे मोजकेच उरले होते. पहिल्यांदा त्या शेडमध्ये पाऊल टाकलं तेव्हा माग चालू होते. खडाखड, खडाखड, जमीन हलत होती. आणि मी बघितलं, कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत होते, हातानं बोलत होते. बोट गोल फिरवलं की चालू कर, पंजा उघडला की थांब. मी त्या आवाजात चारचौघांसारखी झाले. उलट त्यांच्यापेक्षा चलाख. ओठ वाचायची मला आधीच सवय होती.

"ही पोरगी नुसत्या इशाऱ्यावर समजती बघ," असं मामंजी माझ्या नवऱ्याला म्हणाले होते. ते मी त्यांच्या ओठांवर वाचलं आणि दिवसभर मला गुदगुल्या झाल्यासारखं वाटत होतं. मुलगी झाल्यावरही मी शेडमधलं काम सोडलं नाही. दाराजवळ बसून सुताच्या कांड्या भरायचं आणि मोटारीचं बटन सांभाळायचं काम माझ्याकडं होतं.

मग लोडशेडिंग सुरू झालं. लाइट रोज जायला लागली, आणि रोज ती शांतता.

माझे दीर रंगनाथ तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे असतील. गल्लीतल्या कुणाचाही माग अडला की त्यांनाच बोलावणं यायचं. बंद मागावर हात ठेवायचे, इकडं थोडं सैल, तिकडं थोडं घट्ट, आणि माग चालू. हातात कसब होतं आणि जिभेवर लगाम नव्हता. माझ्या 'हो'ची त्यांनी थट्टा चालवली होती. आदल्या दिवशी लाइट गेलेली असताना ते माझ्या मागं येऊन काहीतरी बोलले. मी कांड्या भरता भरता म्हटलं, "हो." सगळे खदाखदा हसले. वळून बघितलं तर कामगार डोळे पुसत होते. मी नवऱ्याला विचारलं, काय म्हणाले. तो समोर आला आणि खाली बघतच सांगितलं, "काही न्हाई. वहिनी, घर पेटलंय, असं म्हणाला."

माझ्या अंगाचा भडका उडाला. सगळ्यांच्या देखत मी म्हटलं, "हसा, भावजी. दाखवते तुम्हांला एक दिवस."

आणि दुसऱ्या दिवशी हे.

लाइट गेलेलीच होती. मी बटनाखाली पाटावर बसून गुंतलेलं सूत सोडवत होते. वैजू, माझी मुलगी, माझ्या पदराशी खेळत होती. तीन वर्षांची होती. दिव्याची तार लाल झाली आणि लाइट आली. लाइट आली की मागून कुणीतरी ओरडायचंच, "लाव गं!" तो आवाज मी शब्दांवरून नव्हे, वेळेवरून ओळखायची. लाइट आली, आवाज आला, बटन दाबलं. महिनोन्‌महिने असंच चाललं होतं.

त्या दिवशीही मागच्या दाराकडून मामंजींचा आवाज आला. मोठा. पुन्हा एकदा आला. मी म्हटलं, "हो," आणि बटन दाबलं.

शाफ्ट फिरला. आणि एक आवाज आला, तो समजायला कुणाला कानाची गरज नव्हती.

रंगनाथ पलीकडच्या मागामागं शिडीवर चढून निसटलेला पट्टा चाकावर चढवत होते. ते मला माझ्या जागेवरून दिसत नव्हते. पट्ट्यानं त्यांचा उजवा हात चाकात ओढला. मोटार बंद केली ती माझ्या नवऱ्यानं, धावत येऊन, मला ढकलून. मी पडले तशी वैजू रडायला लागली. मी तिला घेतलं आणि उभी राहिले. शिडीखाली सगळे गोळा झाले होते, सगळ्यांची तोंडं हलत होती, आणि कुणाचंही तोंड माझ्याकडं नव्हतं.

दवाखान्यात त्यांची चारही बोटं काढली. अंगठा राहिला.

संध्याकाळी मामंजी परत आले. ओट्यावर शेजारीपाजारी जमलेले. मामंजींच्या सदऱ्यावर रक्त तसंच होतं. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि इतक्या जवळून बोलले की एकेक शब्द कळला.

"मी वरडलो का न्हाई?"

"आवाज आला, मामंजी."

"रंगा वर हाय, लावू नको, असं वरडलो. दोनदा वरडलो. ऐकू आलं का न्हाई तुला?"

"आवाज आला होता. पण..."

"आला होता म्हणती! आणि वर 'हो' म्हणून बटन दाबलं हिनं. 'हो' म्हणून!"

आवाज येणं आणि शब्द येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सांगायला माझ्याकडं तेव्हा भाषाच नव्हती. मी एवढंच म्हणत राहिले की मला वाटलं लाव म्हणताय. सासूबाई पुढं आल्या. आदल्या दिवशीचं माझं वाक्य त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. दाखवते तुम्हांला एक दिवस. ओट्यावरची माणसं माझ्याकडं ज्या नजरेनं बघायला लागली ती मला वाचता आली.

नवरा एवढंच म्हणाला, "तिला कमी ऐकू येतंय, अण्णा."

"मग डॉक्टरला दाखव. होऊन जाऊ दे एकदा."

दुसऱ्या दिवशी मामंजी स्वतः आमच्याबरोबर कानाच्या डॉक्टरकडं आले. डॉक्टरांनी मला एका छोट्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं. शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचं. मी बारीकातल्या बारीक शिट्टीला बोट वर केलं. मला वाटत होतं, परीक्षा आहे, पास व्हायला पाहिजे. किती मूर्ख होते मी.

डॉक्टर मामंजींकडं बघून बोलले. बाजूनं दिसत होतं तेवढं वाचलं. बाकीचं नवऱ्यानं सांगितलं. कान चांगले आहेत. किंचित कमी आहे, पण बोलणं ऐकायला अडचण यावी असं काही नाही. मनावर घेतलं तर सगळं ऐकू येईल.

घरी आलो तर सासूबाईंनी माझी पिशवी भरून ठेवलेली होती. वैजूला घ्यायला गेले तर त्यांनी तिला कडेवर घट्ट धरलं.

"पोरगी हितंच ऱ्हाणार," त्यांचे ओठ म्हणाले. "तुझ्या हाताखाली तिला सोडायचं भ्या वाटतंय आम्हाला."

मी नवऱ्याकडं बघितलं. तो चपला घालत होता, मला स्टँडवर सोडायला.

रेंदाळला माझा भाऊ शिवाप्पा होता. आईवडील गेल्यापासून तोच माझं माहेर. त्यानं सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेतलं म्हणजे माझ्यासमोर बसून, माझ्या रडण्यातून शब्द वेचून. मग म्हणाला, "मालन, खरं सांग. मी तुझा भाऊ हाय. रागाच्या भरात झालं का?"

"देवाशपथ न्हाई."

"ऐकू आलं होतं का?"

"आलं होतं रे, पण कळलं न्हाई!"

मग जे आजवर कुणी केलं नव्हतं ते त्यानं केलं. उठून दाराबाहेर गेला आणि बाहेरून काहीतरी मोठ्यानं बोलला. परत आत येऊन विचारलं, "काय म्हणालो?"

"म्हाईत न्हाई."

"आवाज आला?"

"आला."

तो पुन्हा बाहेर गेला. पुन्हा आला. किती वेळ हा खेळ चालला कुणास ठाऊक. शेवटी माझ्यासमोर मटकन बसला. "मी बाहेरनं म्हणत हुतो, वैजू आलीया, वैजू आलीया. तू हाललीस पण न्हाईस गं."

तो मला मिरजेला घेऊन गेला. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात नव्यानं आलेल्या एक डॉक्टर बाई होत्या, डॉक्टर मुजावर. वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी आधी शिट्ट्यांची परीक्षा घेतली, ती पुन्हा चांगली आली. मग हातातल्या कागदानं स्वतःचं तोंड झाकलं आणि साधे साधे शब्द म्हटले. घर, पाणी, मीठ. मी एकही बरोबर सांगितला नाही. भावाला वाटलं, आता या बाईही म्हणणार, ढोंग. पण त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि खुर्ची माझ्यासमोर ओढून घेतली.

"तुम्हांला लोक ढोंगी म्हणतात का?" त्यांनी सावकाश विचारलं.

मी मान डोलावली.

त्यांनी मला आतल्या खोलीत पलंगावर निजवलं. कपाळावर आणि कानांमागं वायरी चिकटवल्या. कानात टकटक टकटक असा आवाज सुरू झाला, तो मला स्पष्ट ऐकू येत होता. काही करायचं नव्हतं, बोट वर करायचं नव्हतं, नुसतं डोळे मिटून पडायचं. बऱ्याच वेळानं त्यांनी वायरी काढल्या आणि शिवाप्पाला म्हणाल्या, "आता तुम्ही झोपा."

"मी? मला काय झालंय?"

"काही नाही. तुमच्या बहिणीला दाखवायचंय."

शिवाप्पा बूट काढून पलंगावर आडवा झाला. पडद्यावर रेघ उमटायला लागली. हळूहळू त्या रेघेला उंचवटे आले. एकामागं एक, नीट, ठरल्या जागी. बाईंनी बोटानं मला ते दाखवले. मग शेजारी माझी रेघ लावली. सुरुवातीला बारीकशी थरथर होती आणि पुढं सपाट. रानातल्या रस्त्यासारखी सपाट.

"ही सुरुवातीची थरथर म्हणजे तुमचा कान," बाई म्हणाल्या. "कान जागा आहे, काम करतोय. कानापासून एक नस निघते, ती मेंदूच्या बुडाशी जो देठ असतो तिथं जाते. मेंदूचा देठ. बोलणं तिथं एका ठेक्यात पोहोचायला लागतं. क आणि ग, ल आणि न, यांच्यातला फरक एवढासा असतो, डोळ्याची पापणी लवायच्या आत होऊन जातो. तुमच्या नसेतून तो ठेका जुळूनच जात नाही, सगळं पुढंमागं होऊन पोहोचतं. त्यामुळं देठाला आवाज मिळतो, पण शब्द तुटलेले मिळतात."

"ह्याला औषध?" शिवाप्पानं विचारलं.

"आज तरी माझ्याकडं नाही. यंत्र लावलं तर आवाज मोठा होईल, शब्द साफ होणार नाहीत. हा आजार आम्हांलाच आत्ता कुठं नीट कळायला लागलाय. इचलकरंजीच्या डॉक्टरांना दोष देऊ नका, त्यांच्या परीक्षेत हे दिसतच नाही." मग माझ्याकडं वळून, माझा हात धरून म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोलत नव्हता. आणि तुम्ही मठ्ठही नाही."

येताना एसटीत शिवाप्पा खिडकीकडं तोंड करून रडत होता. माझ्या मनात मात्र इतक्या वर्षांत पहिल्यांदा उजेड पडल्यासारखं झालं होतं. माझी खात्री होती, आता नुसतं जाऊन सांगायचं. आता वैजू माझी.

शिवाप्पानं निरोप धाडला. पुढच्या रविवारी माझा नवरा, दिनकर, एकटाच आला. वैजूला आणलं नव्हतं. शिवाप्पानं त्याला सगळं सांगितलं, त्या दोन रेघा त्यानं जमिनीवर बोटानं काढून दाखवल्या. माझा नवरा ऐकत राहिला. मला वाटलं, तो आनंदेल. त्याचा चेहरा उतरत गेला.

"जरा आम्ही दोघंच बोलतो," तो शिवाप्पाला म्हणाला.

आम्ही घरामागच्या पिंपरणीखाली जाऊन बसलो. तो माझ्यासमोर बसला, तोंड उजेडाकडं करून, सावकाश बोलायला लागला. लग्न झाल्यापासून तो माझ्याशी तसाच बोलायचा. त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"मला पहिल्यापासनं वाटत हुतं, तुझं कायतरी असंच असणार," तो म्हणाला.

"मग चला. आत्ताच जाऊ. मामंजींना सांगू."

त्यानं मान हलवली. "अण्णा जेवत न्हाईत, मालन. त्या दिवसापासनं भाकरीचा तुकडा मोडत्यात आणि ताट सारत्यात. रंगाच्या हाताकडं बघवत न्हाई त्यास्नी. दिवसभर एकच म्हणत्यात, मी वरडलो हुतो, तिनं ऐकलं हुतं. येईल त्याला तेच सांगत्यात."

"पण मी न्हाई ना ऐकलं! तसं न्हाई ऐकलं."

"तेच तर." तो पिंपरणीचं पान हातात घेऊन फाडत राहिला, आणि खाली बघत बोलायला लागला तेव्हा मी त्याची हनुवटी धरून वर केली. "इकडं बघून बोला."

त्याचे डोळे भरले होते. "फ्यूज काढल्याबिगर पट्ट्याला हात लावायचा न्हाई, हा अण्णांचाच नियम. त्या दिवशी रंगा फ्यूज काढायला निघाला हुता. अण्णाच म्हणाले, लाइट काय इतक्यात येत न्हाई, चढ वर. मी तिथंच हुतो. मी ऐकलंय. आणि लाइट आली तर उठून यायचं सोडून बसल्या जागेवरनं वरडले. त्यास्नी सगळं ठावं हाय. रंगालाबी ठावं हाय, पण त्यो बोलत न्हाई. बापाला कसं बोलणार? तुझ्यावर राग हाय म्हणून त्यो बापाकडं बघू शकतोय."

मला कळायला वेळ लागला. शब्द सगळे कळले होते, ओठ स्पष्ट होते.

"परवा अण्णा शेडमधी गेले हुते," तो म्हणाला. "एकटेच. शाफ्टाखाली शिडी लावून उभे हुते. हातात दोर हुता. मी म्हणालो, काय करताय? तर म्हणाले, पट्टा बांधायचाय. मोटारच बंद, पट्टा कशाला बांधायचा?"

वाऱ्यानं पिंपरणीची पानं वाजत होती. ती मला ऐकू येत होती.

"तू घरी चल," तो म्हणाला. "वैजू तुझी वाट बघती. एवढंच म्हण, ऐकलं हुतं, लक्ष न्हाई ऱ्हायलं. चूक झाली. बाकीचं मी सांभाळतो. कुणी तुला हाकलणार न्हाई, माझा शब्द."

"आणि न्हाई म्हणलं तर?"

मी त्याच्या ओठांकडं बघत राहिले. ते हललेच नाहीत.

शिवाप्पाला मी सांगितलं तेव्हा त्यानं हातातला तांब्या भिंतीवर आपटला. "मिरजेच्या बाईनं तुला माणसात आणलं, आणि तू परत तिथं जाऊन ढोंगी हो! जा. पण मग माझ्या दारात रडत येऊ नको." तो बोलला तसाच वागलाही. त्याच्या मुलीच्या लग्नाला मी गेले होते, तेव्हा आम्ही एकमेकांना नमस्कार केला, तेवढाच.

मी नवऱ्याबरोबर इचलकरंजीला आले. दुपार होती, माग बंद होते. घराच्या पुढच्या सोप्यात मामंजी खांबाला टेकून बसले होते. एवढ्याशा दिवसांत गळ्याची हाडं वर आली होती. सासूबाई वैजूला मांडीवर घेऊन आतल्या दारात बसल्या होत्या. वैजू मला बघून उठली, सासूबाईंनी तिचा फ्रॉक धरून ठेवला. रंगनाथ पलंगावर बसले होते. उजवा हात पांढऱ्या पट्टीत, मुठीएवढा गोळा.

मी मामंजींच्या पाया पडले. "चुकले, मामंजी. लक्ष न्हाई ऱ्हायलं."

मामंजी माझ्याकडं बघत नव्हते, माझ्या पलीकडं बघत होते.

मग रंगनाथ उठले. ते माझ्यासमोर आले, डाव्या हातानं पाट ओढला आणि माझ्या तोंडासमोर तोंड येईल असे बसले. कधीही असे बसले नव्हते. चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. एकेक शब्द वेगळा करून त्यांनी विचारलं, "वहिनी, मला एकच सांगा. मी भांडणार न्हाई. दिनूदादा म्हणतोय, मिरजेला काय तरी तपासणी झाली. माझ्या रक्ताची शपथ हाय तुम्हांला. त्या दिवशी अण्णा काय वरडले, ते तुम्हांला ऐकू आलं हुतं का न्हाई?"

मला माहीत नव्हतं की नवऱ्यानं त्यांना मिरजेचं सांगितलंय. मी त्याच्याकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. मग मामंजींकडं बघितलं. आता ते माझ्याकडं बघत होते. तोंड थोडं उघडं होतं, ओठ कोरडे, आणि डोळ्यांत असं काही होतं की वाटलं, मी 'नाही' म्हटलं तर हा माणूस इथंच, या खांबाशी, संपेल.

रंगनाथांनी पुन्हा विचारलं, "ऐकलं हुतं?"

"ऐकलं होतं," मी म्हटलं.

"लावू नको, हे?"

"हो."

"मग?"

मी वैजूकडं बघितलं. त्यांनी माझ्या चेहऱ्यावर काय वाचलं ते त्यांनाच ठाऊक. ते उठले, वळले, आणि पाठमोरे असताना काहीतरी बोलले. चार-सहा शब्द असतील. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मामंजींनी डोळे मिटले. ते काय बोलले हे मी नंतर नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, काही नाही.

दिवाळीआधी रंगनाथ विट्याला मामांकडं गेले ते तिथंच राहिले. एका हातानं मागाचं काम होत नाही. तिथं एका गोडाऊनवर वॉचमन आहेत, असं कळतं. आपल्या लग्नाला त्यांनी सगळ्यांना बोलावलं. मला बोलावलं नाही. मामंजी पुढं बरीच वर्षं जगले. गल्लीत त्यांना मान होता. माझ्याशी ते शेवटपर्यंत नीट वागले, जेवताना माझ्या हातची भाजी मागून घ्यायचे, आणि त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. सासूबाई मी असले की वैजूला विळीजवळ फिरकू द्यायच्या नाहीत. वैजू मोठी झाली तेव्हा शाळेतल्या कुणीतरी तिला तिच्या आईनं काकाचा हात कसा घालवला ते सांगितलं. तिनं मला कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आता मामंजी गेले, सासूबाई गेल्या, कारखान्याच्या जागी भाड्याच्या खोल्या झाल्या, म्हणून हे बोलते आहे. कान आणखी गेलेत. हल्ली समोरच्याचे ओठही पूर्वीसारखे नीट कळत नाहीत.

पण त्या दुपारचं संपवते. रंगनाथ बाहेर गेले, आणि सासूबाईंनी वैजूचा फ्रॉक सोडला. ती धावत येऊन माझ्या गळ्यात पडली. मी तिला तशीच कडेवर घेऊन स्वयंपाकघरात गेले, चूल पेटवली, पीठ मळायला घेतलं. मामंजी जेवायला बसले. सासूबाईंनी ताट नेलं. थोड्या वेळानं त्या परत आल्या, परातीत बघितलं आणि दोन बोटं वर केली. आणखी दोन भाकरी. त्या दिवशी मामंजी पोटभर जेवले.

मी तव्यावर भाकरी टाकली. मागं पावलं वाजली, ती माझ्या नवऱ्याची होती, ओळखीची होती. तो उंबऱ्याशी थांबला. मग त्याचा आवाज आला. हलका, घोगरा, मध्ये तुटणारा. बराच वेळ बोलत होता. मी वळले असते, त्याच्या तोंडाकडं बघितलं असतं, तर मला प्रत्येक शब्द कळला असता.

मी वळले नाही. भाकरी उलटली, आणि म्हटलं, "हो."